दयानंदाचे दोन हजार

(दृश्य : वाळपई, बँकेच्या पायऱ्यांवरची रांग)

सत्तरी तालुक्यातलं वाळपई. बँकेचं शटर अजून वर गेलेलं नाही, पण पायऱ्या भरल्या आहेत. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला खोचलेली. ही सगळी मंडळी आली आहेत दयानंदाचे पैसे जमा झाले का, ते बघायला.

(दृश्य : भाऊसाहेबांचा पुतळा)

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, लोकांचे भाऊसाहेब. त्यांच्याच नावाने 2001 साली राज्य सरकारने सामाजिक सुरक्षा योजना आणली. तोवर म्हणण्यासारखी पेन्शन होती ती सरकारी नोकरांना. बाकीच्या म्हाताऱ्यांसाठी गोव्यात होती ती पोर्तुगीज अमदानीत, 1947 साली सुरू झालेली प्रोव्हेदोरिया, म्हणजे गरजूंना आधार देणारी सरकारी संस्था. तिचे वृद्धाश्रम आजही चालतात. पण आश्रमात जायची वेळच येऊ नये, माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी राहावा, यासाठी हातात दरमहा पैसा लागतो. केंद्राने 1995 साली वृद्धापकाळ पेन्शन सुरू केली तेव्हा ती महिना 75 रुपये होती. गोव्याने त्याच्या पुढे पाऊल टाकलं, आणि हे मोठं काम होतं. शेतात, खाणीवर किंवा डोईवर मासळीची पाटी घेऊन ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांच्या म्हातारपणाची जबाबदारी सरकारने पत्करली.

(दृश्य : मामलेदार कचेरी, खिडकीसमोरचे हात)

साठी उलटलेले, आधार नसलेल्या एकट्या बायका, दिव्यांग, असे तिघेही या योजनेत येतात. गोव्यात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं आणि उत्पन्न मर्यादेच्या आत हवं. ते सिद्ध करायचं कागदांनी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठी, मग मामलेदार. रहिवासाचा दाखला वेगळा. जन्मतारखेचा पुरावा वेगळा, आणि घरात बाळंतपण होऊन जन्मलेल्या पिढीपाशी नेमका तोच नसतो. मग मतदार ओळखपत्र, आधार, जुना शाळेचा दाखला यांच्यावरची नावं एकमेकांशी जुळवायची. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. खिडकीतून कागद परत येतो. आजी तो घडी करून पिशवीत ठेवतात आणि विचारतात, "परत कधी येऊ रे बाबा?"

(दृश्य : होंड्याहून साखळीकडे जाणारी कदंब बस)

सगळे कागद जुळले की अर्ज समाजकल्याण खात्याकडे जातो. मंजुरी आली की रक्कम थेट खात्यात. मधे कुणी हात मारायला नाही, ही या योजनेची सगळ्यात चांगली बाजू.

(दृश्य : अंगठ्याचं मशीन, जवळून)

पण वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं. हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही, तर पैसे थांबतात.

हा हात पाहा. काजूच्या हंगामात बिया वेचून, त्यांचं तेल लागून कातडी किती वर्षं जळत आली असेल. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. "आजी, बोट पुसा, परत ठेवा." पदराने पुसलं. परत लाल. मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. मागची रांग काही बोलत नाही, प्रत्येकाला आपली पाळी माहीत आहे. हिरवा दिवा लागायला वेळ जातो.

(दृश्य : पासबुक छापलं जाताना)

छापून आलेल्या ओळीत दोन हजार रुपये. योजना सुरू झाली तेव्हा महिना 500 होते, पुढे हजार, आणि 2012 च्या सुमारास दोन हजार. तेव्हा ती वाढ घसघशीत होती. त्यानंतर दहाहून अधिक अर्थसंकल्प आले, गेले. केंद्राचा वाटा तर 60 ते 79 वयाच्या गरीब वृद्धांसाठी महिना 200 रुपयेच आहे, 80 च्या पुढे 500.

(दृश्य : बाजार. नारळ, बांगडे, औषधाचं दुकान. निवेदन थांबते.)

या पैशांत आता तांदूळ येतो, औषध पुढच्या महिन्यावर जातं.

(दृश्य : पर्वरी, विधानसभेची इमारत)

2011 च्या जनगणनेत गोव्यात शंभरातली अकरा माणसं साठीपुढची होती. केरळ सोडलं तर एवढं प्रमाण कुठल्याच राज्यात नव्हतं. पोरं मुंबईला, आखातात, जहाजावर. आई-वडिलांना पोसण्याची सक्ती करणारा 2007 चा कायदा आहे, पण पोटच्या पोरावर तक्रार घालायला किती आया जातील?

सरकारी कर्मचाऱ्याला आणि सरकारी पेन्शनराला महागाई भत्ता मिळतो. दर जानेवारीत आणि जुलैत त्याचा दर ठरतो, त्यासाठी निर्देशांक आहे, सूत्र आहे. तेच सूत्र दयानंद योजनेला लावा. दर निवडणुकीआधी कुणी घोषणा करावी आणि रांगेने वाट बघावी, हे नको. वाढ नियमातच लिहून ठेवा. आणि ज्यांना चालवत नाही, त्यांचा हयातीचा दाखला पंचायतीच्या माणसाने घरी जाऊन घ्यावा. मतदार यादीसाठी माणसं घरोघर जातातच. पर्वरीत बसणाऱ्या चाळीस आमदारांकडे या दोनच मागण्या आहेत.