इलेक्ट्रॉन दिले म्हणजे क्षपणक झाला का?

श्रोतेहो, नमस्कार. लुईस आम्लारी इलेक्ट्रॉन देते आणि क्षपणकही इलेक्ट्रॉन देतो, मग फरक काय, हा प्रश्न हटकून येतो. घोळ ‘देणे’ या शब्दात आहे. रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांच्या १९२३ च्या व्याख्येतली आम्लारी इलेक्ट्रॉनांची जोडी पुढे करते, पण सोडत नाही. जोडी दोघांत राहते, बंध होतो. क्षपणकाच्या हिशेबातून मात्र इलेक्ट्रॉन वजा होतात.

दोन परीक्षानळ्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत कॉपर सल्फेटचं निळं द्रावण.

पहिलीत थेंबथेंब अमोनिया घाला. आधी फिकट निळा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका येतो. तो हायड्रॉक्साइडचा, इथे थांबू नका. अमोनिया वाढवला की तो विरघळून गडद निळा रंग येतो. अमोनियातल्या नायट्रोजनची एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली जोडी तांब्याकडे वळली. तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने अणूच्या नावावर मांडलेला प्रभार, आधी अधिक दोन, नंतरही अधिक दोन. म्हणजे तांब्याचा आयन इथे लुईस आम्ल, जोडी स्वीकारणारा.

दुसरीत पोटॅशियम आयोडाइड घाला. द्रावण तपकिरी होतं. आयोडीन मोकळं झालं, उणे एकवरून शून्यावर आलं आणि तांबं अधिक एकवर उतरलं. तोच तांब्याचा आयन आता ऑक्सिडक, इलेक्ट्रॉन काढून घेणारा! क्युप्रस आयोडाइडचा पांढरा अवक्षेप तपकिरी रंगात दिसत नाही, म्हणून सोडियम थायोसल्फेट घालून आयोडीन घालवा. तेही थेंबानेच, कारण जास्त झालं तर अवक्षेपही विरघळतो.

म्हणून कसोटी एकच: ऑक्सिडीकरण अंक बदलला का?

आता खरी फसगत. बोरॉन ट्रायफ्लुओराइडला अमोनिया जोडला की कागदावर नायट्रोजनवर अधिक आणि बोरॉनवर उणे लिहितात. ते पाहून ‘नायट्रोजनने इलेक्ट्रॉन गमावला’ असं उत्तर येतं. पण तो औपचारिक प्रभार. त्यात बंधातले इलेक्ट्रॉन दोघांत निम्मे वाटतात. ऑक्सिडीकरण अंक काढताना पूर्ण जोडी जास्त विद्युतऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्या अणूच्या नावावर मांडतात. तो नायट्रोजन, आणि जोडी मुळात त्याचीच. त्यामुळे नायट्रोजन उणे तीन, बोरॉन अधिक तीन, जसेच्या तसे.

याच नियमाने हायड्राइड आयन, म्हणजे उणे एक प्रभाराचा हायड्रोजन तपासा. तो आपली जोडी घेऊन अल्डिहाइडच्या कार्बनला जोडला जातो, म्हणून लुईस आम्लारी. पण कार्बन हायड्रोजनपेक्षा जास्त विद्युतऋण, त्यामुळे जोडी कार्बनच्या खात्यात जाते. हायड्रोजन उणे एकचा अधिक एक होतो, कार्बनचा अंक दोनने उतरतो. इथे आम्लारी म्हणा की क्षपणक, दोन्ही बरोबर.