शुक्राणूंचा काउंट कमी आलाय? आधी कमरेला टेप लावा

(टेबलावर सूक्ष्मदर्शक. शेजारी शिंप्याची मोजपट्टी.)

नमस्कार मंडळी. सांगलीतून बोलतोय, नेहमीच्या लॅबमधूनच. मागं मशिनची घरघर ऐकू येईल, तेवढी सांभाळून घ्या.

तासगाव, पलूस, मिरजेच्या पट्ट्यात ज्यांच्या द्राक्षबागा आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी तुम्ही काय करता? बागेतल्या काड्या कापता, पिशवीत घालता आणि लॅबला नेऊन देता. तिथं डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे का नाही. घड नसेल तर छाटणीचा हिशोबच बदलतो. एवढं शहाणपण आपल्याकडं घरोघरी आहे.

आणि त्याच घरात लग्नाला चार वर्षं झालेली, पाळणा हललेला नाही. सूनबाईच्या सोनोग्राफ्या झाल्या, हार्मोनच्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीनं बघून झालं, कुठल्या कुठल्या देवाला नवसही झाले. मुलाची तपासणी? "आवं डॉक्टर, आमच्यात काय दोष नाय."

काडी तपासायला लॅब चालते, माणूस तपासायला नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाचा काही ना काही वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून. वीर्य तपासणीला ना सुई लागते, ना भूल. तरी ती सगळ्यात शेवटी होते. हे रडगाणं मी पूर्वी गायलंय, आज त्याच्या पुढचं सांगतो.

डबी घेऊन येणारा माणूस पस्तिशीच्या आसपासचा असतो. कुणा एकाचं नाही सांगत, असे बरेच येतात. दुकान किंवा ऑफिस, दिवसभर बसून काम, रात्री साडेदहाला जेवण. हातपाय बारीक, पोट मात्र पुढं. मी त्याला म्हणतो, वीर्याबरोबर रक्तही दे, उपाशीपोटीची साखर आणि चरबी बघू. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघतो की डॉक्टरनं धंदा चालू केला. शंका रास्त आहे. म्हणून आज आधी फुकटातली तपासणी सांगतो.

(मोजपट्टी उचलून स्वतःच्या पोटाला लावतो.)

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, या दोघांच्या मधोमध पट्टी लावायची. श्वास सोडायचा आणि वाचायचं. पोट आत ओढायचं नाही, लॅबमध्ये सगळे ओढतात. पँटचा नंबरही सांगू नका, पँट कधीच पोटाखाली घसरलेली असते. आपल्याकडच्या पुरुषांसाठी रेषा आहे ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच. माझं ९३ आहे. हसू नका, मीही त्याच वाटेवर आहे.

"पण डॉक्टर, माझं वजन तर बरोबर आहे." इथंच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघंही सडपातळ! आपली गोष्ट ही अशी आहे. त्यामुळं वजनकाट्यापेक्षा शिंप्याची पट्टी जास्त खरं बोलते.

आता पोटातल्या चरबीचा आणि शुक्राणूंचा संबंध काय? ही चरबी नुसती साठवणीची कोठी नाही, ती काम करते. तिच्यात एक विकर असतं, अरोमाटेज, ते पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. इस्ट्रोजेन पुरुषालाही थोडं लागतं, पण चरबी वाढली की ते जास्त होतं. मेंदू त्याच्याकडं बघून समजतो की माल पुरेसा आहे.

तुम्ही उसाच्या पट्ट्यातले, चटकन कळेल. कारखान्याच्या गव्हाणीवर गाड्या तुंबल्या की तोडीच्या चिठ्ठ्या निघायच्या थांबतात. शेतात ऊस उभा, तोडकरी तयार, पण चिठ्ठी नाही. मेंदूकडून वृषणांना जाणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं. ती कमी झाली की टेस्टोस्टेरॉन कमी आणि शुक्राणूंचं कामही मंद. गंमत अशी की इथं गव्हाण खरी भरलेलीच नसते.

त्यात इन्सुलिनची भर. शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. रिपोर्टात साखर अजून नॉर्मल दिसते, आतून मात्र ओढाताण सुरू झालेली असते. या जादा इन्सुलिनमुळं टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिनही घटतं.

वृषणं देवानं पोटाबाहेर ठेवलीत ती उगाच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. मांड्यांची आणि ओटीपोटाची चरबी भोवतीनं आली की तो गारवा जातो. एवढंच, पुढं चला.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शुक्राणू म्हणजे काय? डोकं, मधे इंजिन आणि शेपूट. सामान ठेवायला जागाच नाही. इतर पेशींकडं गंजरोधक साठा असतो, याच्याकडं तो जवळजवळ नाहीच. वर त्याचं आवरण अशा नाजूक चरबीचं, की जी पटकन खवट होते. उघड्यावर राहिलेलं शेंगदाण्याचं कूट कसं लागतं, आठवा. साखर चढलेली, अंगात सतत बारीक दाह चालू, वर तंबाखू नाहीतर मावा, की रक्तात आणि वीर्यात ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात आणि तसंच खवटपण शुक्राणूला येतं. तो मंद पोहतो, आणि त्याच्या डोक्यातला डीएनए तुटतो. तुटलेला डीएनए मला या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. काउंट छान, चाल छान, आणि तरी गर्भ राहत नाही किंवा राहून पडतो, अशा काही जोडप्यांत हे आत दडलेलं असू शकतं. त्याची वेगळी तपासणी असते, पण सरसकट सगळ्यांनी करायची नाही.

मधुमेह जुना झाला की आणखी एक होतं. मज्जातंतू दुखावतात, आणि वीर्य पुढं येण्याऐवजी उलटं मूत्राशयात जातं. डबीत आलं अगदी थोडं, तर "घरी सांडलं का?" एवढंच विचारून थांबू नये, साखरही बघावी.

आणि ताठरतेचा प्रश्न. हे कुणी लॅबमध्ये बोलत नाही, दार ओढून घेतल्यावर बोलतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. खराबी सगळ्या नळात सारखीच चालू असते, पण बारीक नळ आधी तुंबतो. त्यामुळं चाळिशीच्या आत ही तक्रार सुरू झाली, तर भोंदू वैद्याची पुडी नंतर, आधी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल. हृदय तुम्हाला दोन-तीन वर्षं आधी निरोप पाठवत असेल.

रिपोर्टच्या आकड्यांवर थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत खालची रेषा आहे एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल ४२ टक्के, आणि बांधा नीट असलेले १०० त ४. हो, ४. "९६ टक्के वाकडे" वाचून बरेच जण हादरतात, पण निसर्ग असाच उधळा आहे. ज्यांना वर्षाच्या आत मूल राहिलं, अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून या रेषा काढल्या आहेत. खाली गेलात म्हणजे वांझ नाही, आणि वर आहात म्हणजे हमीही नाही. एका रिपोर्टवर निकाल नको, किमान दोन बघा. मधल्या काळात तापानं फणफणला असाल तर काउंट दोन-तीन महिने पडलेला राहू शकतो.

आता पुन्हा बागेत जाऊ. ऑक्टोबरात दिसणारा घड कधी तयार झाला? एप्रिल छाटणीनंतर, मे-जूनच्या उन्हात, काडी कोवळी असताना. शुक्राणूचं असंच आहे. तो तयार व्हायला साधारण ७४ दिवस, आणि पुढं नळीत फिरून शहाणा व्हायला अजून दहा-बारा. आज डबीत आलेला शुक्राणू तुमच्या तीन महिन्यांपूर्वीच्या खाण्याचा, झोपेचा, तापाचा आहे. म्हणून गोड बंद केलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, असं करू नका. पैसे मला मिळतील, तुम्हाला काही कळणार नाही.

बदल केल्यानं फरक पडतो का? डेन्मार्कमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ पुरुषांना आठ आठवडे फक्त ८०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. सरासरी साडेसोळा किलो वजन उतरलं आणि शुक्राणूंची एकूण संख्या साधारण ४० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी वजन पुढं वर्षभर रोखून धरलं, त्यांचा फायदा टिकला. ८०० कॅलरी घरी स्वतःच्या मनानं करायचा प्रकार नाही, ते देखरेखीखालचं काम होतं. पण दिशा कळली. आमच्याकडं तर आधी चहा बघा. दिवसाला सात कप, प्रत्येकी दोन चमचे. ती झाली चौदा चमचे साखर, भुकेशिवाय, बोलता बोलता.

पावडरींचं काय? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झिंक आणि फॉलिक ॲसिडची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. पुरुषांना सहा महिने गोळ्या दिल्या. मूल होण्याच्या प्रमाणात काही फरक नाही. दुकानदाराला हे सांगून बघा.

आणि जिमवाल्या पोरांनो, हे नीट ऐका. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की मेंदू चिठ्ठ्या पूर्ण बंद करतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ते पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनच तपासून पाहिलंय. १९९० साली निकाल आला: दर आठवड्याला एक सुई, आणि सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू शून्यावर. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिने जातात, कधी वर्षही. पैलवानी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या दूध-बदामावर चालली, हे माझं मत तुम्हाला जुनाट वाटेल, वाटू दे.

एक सावधगिरी. पोट कमी करणं हे सगळ्याचं औषध नाही. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, लहानपणी गालफुगी वृषणात उतरलेली, नळीतला अडथळा, जन्मजात दोष, ही कारणं पट्टीत मोजता येत नाहीत. रिपोर्टात एकही शुक्राणू नसेल तर तीन महिने वाट बघत चालत बसू नका, सरळ तज्ज्ञाकडं जा. आणि पत्नीचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर पोट कमी करणं आणि तज्ज्ञाकडं जाणं, दोन्ही कामं बरोबरच चालू करा. बागेला पुढचा हंगाम असतो, तिच्याकडं तेवढा वेळ नसतो.

नमुन्याचं सांगून थांबतो, कारण अर्धे नमुने इथंच वाया जातात. आधी दोन ते सात दिवसांचा खंड. लॅबनं दिलेली डबीच वापरायची, साधा निरोध नको, त्यातल्या रसायनानं शुक्राणू मरतात. पहिला थेंब सांडला तर खोटं बोलू नका, सांगा, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. घरून आणणार असाल तर तासाभरात पोचवा. तासगावहून गाडीवर येणार असाल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. डिकीत नको, तिथं उन्हात तिची भाजी होते.

आणि येताना उपाशी या. साखर त्याच वेळी बघू.