पांढऱ्या बॉलचा ठोका

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात जळगावची दुपार म्हणजे घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून पोरं पूलच्या गार हॉलमध्ये सापडतात. पूल म्हणजे टेबलावर काठीने पांढरा बॉल मारायचा आणि त्याने रंगीत बॉल पॉकेटमध्ये घालायचे; पांढरा स्वतः पडला तर चूक. अशाच एका दुपारी भुसावळचा एक कॅरमवाला तिथे आला. कॅरममध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही. इथे मात्र रंगीत बॉल दणक्यात पॉकेटमध्ये, आणि मागोमाग पांढराही! दोनदा तेच झालं. म्हणाला, "काय भो, हा थांबतच नाही!"

थांबेल कसा? स्ट्रायकर चपटा, तो पावडरीवरून घसरतो. बॉल गडगडतो. समोरच्या बॉलवर नीट बसला की त्याचा वेग जातो, पण अंगातली फिरकी उरते आणि तीच त्याला पुढे ओढते. बरं, मधोमध मारला तर तो आधी घसरतो, मग कापडाच्या घर्षणाने गडगडू लागतो. त्यामुळे हातभर अंतरावर जागीच थांबणारा ठोका लांबून मारला की पुढे पळतो. लांबून थांबवायचा तर मध्याच्या खाली मारावा लागतो. त्याहून खाली मारला तर तो माघारी येतो.

आता कुठला ठोका कधी, हे पूलचा कुठला प्रकार खेळतो त्यावर ठरतं. एट-बॉलमध्ये आपल्या सातांपैकी कुठलाही बॉल घ्या, म्हणजे जवळचा निवडून पांढऱ्याला फारसं न हलवता भागतं. नाइन-बॉलमध्ये ती मुभा नाही. सर्वात लहान आकड्याच्या बॉललाच आधी लागलं पाहिजे, आणि पुढचा नेमका नऊ फुटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो! मग पांढऱ्याला डावी-उजवी फिरकी देऊन दोन-तीन कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडांवरून, फिरवत न्यायचं. दिसायला झकास, पण बाजूला मारलेला बॉल नेमातून किंचित सरकतो, म्हणून नवख्याने जपून.

माझा जीव मात्र स्ट्रेट पूल या तिसऱ्या प्रकारावर. चौदा बॉल घालायचे, पंधरावा राखायचा. ते चौदा पुन्हा रचले की त्याच पंधराव्यावरून पांढरा ढिगात घुसवायचा. तो एक ठोका सोडला तर बाकी सगळी वीत-दीड वितीची चाल, भाकरी थापावी तसा हलका हात. अमेरिकेचा नामवंत पूल खेळाडू विली मॉस्कोनी याने 1954 मध्ये अशाच खेळात सलग 526 बॉल घातले होते.

आमच्या कॅरमवाल्याला मी एवढंच सांगितलं, "भाऊ, जरा खाली मार." त्याने मारला. पांढरा थांबला, वळला, सरळ माघारी आला आणि त्याच्याच पोटाशी असलेल्या पॉकेटमध्ये पडला.