एक्झोरा लावा, पण जागा बघून

नमस्कार मंडळी! बागेत रंग तर हवा पण रोज खुरपं घेऊन बसायला वेळ नाही, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी एक्झोराच सांगतो. नाव माहीत नसलं तरी झाड बघितलेलं असणारच, गडद हिरवी चकचकीत पानं आणि त्यावर लाल, केशरी, पिवळे नाहीतर गुलाबी गेंद, आणि एकेका गेंदात चार पाकळ्यांची बारीक नळीदार फुलं दाटीवाटीने. पानं वर्षभर टिकतात, फुलं एकदा आली की बरेच दिवस झाडावर राहतात, आणि फुलपाखरं तर सारखी घिरट्या घालतात.

आता कमी देखभालीचं झाड म्हणतात ते खरंय, पण एका अटीवर. जागा आणि माती आधी नीट बघायची. एक्झोरा कॉफीच्या कुळातलं झाड, त्याला थोडी आम्लधर्मी माती लागते, पीएच (माती किती आम्ल ते सांगणारा आकडा) साधारण 5 ते 6 मधला. आणि आपण काय करतो, तर कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटून रांग लावतो! सिमेंटमधला चुना हळूहळू मातीत उतरतो, माती अल्कलाइन, म्हणजे आम्लधर्मीच्या उलट, होते आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा मात्र हिरव्याच राहतात. ही खूण लक्षात ठेवा, कारण लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि मग ते पाणी ओतत बसतात, त्याने काही होत नाही, उलट निचरा खराब असेल तर मुळंच कुजतात. अशा वेळी चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पानांवर फवारायचं, पण खरा उपाय म्हणजे भिंतीपासून दोन-तीन फूट लांब लावणं, भरपूर कंपोस्ट घालणं आणि बुंध्याला न टेकवता पालापाचोळ्याचं आच्छादन करणं.

ऊन मात्र भरपूर द्या. सावलीत झाड मरत नाही पण नुसतं उंच वाढत जातं आणि गेंद मोजकेच येतात. कडाक्याची थंडी, हिमतुषार पडत असतील तर कुंडीत लावून आत घेता येईल असं ठेवा, कुंडीसाठी बुटक्या जाती छानच.

छाटणीबद्दल माझं जरा ठाम मत आहे. कात्री घेऊन दर पंधरा दिवसांनी झाडाचा चौकोनी खोका करायची हौस असते ना अनेकांना, ती सोडा हो! फुलं फांदीच्या शेंड्यालाच येतात, शेंडे कापले की फुलं पण गेलीच. एक बहर संपला की सुकलेले गेंद काढा, फार लांब गेलेल्या फांद्या तेवढ्या कापा, बस.

पानांवर काजळी दिसली तर पान उलटं करून बघा, मावा किंवा खवले कीड असते, आणि मुंग्या तिथे या किडीने सोडलेल्या गोड चिकट्यासाठी येतात. नीमतेल पानांच्या खालून फवारलं की आटोक्यात येतं, फक्त भर उन्हात फवारू नका.

आणि छाटलेल्या फांद्या टाकू नका. फार कोवळी नाही फार जून नाही अशी फांदी घ्या, दोन-तीन पेरांची, खालची पानं काढा, वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात खोचून सावलीत ओलसर ठेवा. मुळं धरायला महिना-दीड महिना सहज जातो, तेवढा दम धरा.