आधी टीव्ही, मग तबकडी

नमस्कार श्रोतेहो.

गाण्याचे दोन शौकीन एकत्र आले की एक वाद ठरलेला असतो. रेकॉर्डवरचं गाणं खरं, की समोर उभं राहून गायलेलं? एक म्हणतो, रेकॉर्डसारखं गाता येत नाही, म्हणजे सगळी करामत स्टुडिओची. दुसरा म्हणतो, रेकॉर्डबरहुकूमच गायचं तर माणूस कशाला हवा, तबकडीच लावा की. दोघं कितीही भांडले तरी एक गोष्ट धरूनच चालतात, की रेकॉर्ड हे मूळ आणि टीव्हीवरचं गाणं ही त्याची नक्कल. आज ज्या तबकडीबद्दल बोलायचं आहे, तिच्या दोन्ही बाजू या समजुतीच्या आड येतात. जुलै १९५६ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने ती बाजारात आणली. गायक एल्विस प्रेस्ली, वय २१. एका बाजूला ‘हाउंड डॉग’, दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रुएल’.

आधी ‘हाउंड डॉग’, म्हणजे शिकारी कुत्रा. हे गाणं मुळात एल्विसचं नव्हेच. जेरी लायबर आणि माइक स्टोलर या जेमतेम एकोणीस वर्षांच्या जोडीने ते बिग मामा थॉर्नटन या गायिकेसाठी रचलं आणि ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालं. एक बाई एका ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढते आहे, असा त्याचा मामला. लय संथ, आवाज घोगरा, जरबेचा. पुढे फ्रेडी बेल आणि त्याच्या बेलबॉइज मंडळींनी शब्द बदलून त्याचा हास्यप्रकार केला. १९५६ च्या वसंतात एल्विस लास वेगासला गात होता, तेव्हा त्याने तो ऐकला आणि स्वतःच्या कार्यक्रमात घेतला. रेकॉर्ड करण्याचा विचार त्यात दिसत नाही. कार्यक्रमाच्या शेवटी धमाल उडवून देणारं गाणं, एवढाच त्याचा उपयोग होता.

५ जून १९५६ ला विनोदवीर मिल्टन बर्ल यांच्या एनबीसी या टीव्ही वाहिनीवरच्या कार्यक्रमात त्याने ते गायलं. त्या गाण्याच्या वेळी एल्विसच्या गळ्यात गिटार नव्हती. एरवी ती असायची, आणि गिटार असली की माणसाचे हात गुंतलेले असतात, अर्धं अंग झाकलेलं असतं. इथे सगळं उघडं. सुरुवात जलद लयीत होते, मागे स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा बास, डी. जे. फोंटानाचे ड्रम. गाणं संपलं असं वाटतं आणि तो एकदम लय निम्म्यावर आणतो. आपल्याकडच्या भाषेत, द्रुत सोडून थेट ठायीत उतरतो. मायक्रोफोनचा दांडा तिरका धरून एकेक शब्द ओढत, कमरेला झटके देत तो गातो, आणि फोंटाना प्रत्येक झटक्यावर नेमकी थाप टाकतो. इथे ड्रमवाला सुराची साथ करत नाही, देहाची करतो. प्रेक्षक हसतात, किंचाळतात. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका.

आता तुम्ही आणि मी रेडिओवर आहोत, म्हणून एक प्रयोग मनातल्या मनात करून पाहा. त्या कार्यक्रमाचा नुसता आवाज ऐका, चित्र नको. काय उरतं? एक गाणं मध्येच मंदावतं, लोक ओरडतात, आणि का ओरडतात याचा पत्ता लागत नाही. ती संथ लय कानासाठी नव्हतीच, डोळ्यांसाठी होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या महिन्यात याचंच उत्तर द्यायची पाळी येणार आहे.

१ जुलैला न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह ॲलन यांचा कार्यक्रम. आधीच्या गदारोळामुळे एल्विसला सोज्वळ करायचं ठरलं होतं. अंगात शेपटीवाला कोट, गळ्यात पांढरा टाय, आणि समोर उंचवट्यावर बसवलेला एक लांब कानांचा बॅसेट हाउंड जातीचा कुत्रा. हे गाणं त्या कुत्र्याला उद्देशून म्हणायचं! एल्विसने ते निमूटपणे पार पाडलं. विनोद म्हणून ते बरं आहे, गाणं म्हणून त्यात काही नाही.

दुसऱ्याच दिवशी, २ जुलैला, न्यूयॉर्कच्या चोविसाव्या रस्त्यावर आरसीएच्या स्टुडिओत ‘हाउंड डॉग’चं ध्वनिमुद्रण झालं. म्हणजे देशाने गाणं आधी पाहिलं, तबकडी नंतर आली. एकूण ३१ टेक झाल्याची नोंद आहे. इथे स्टुडिओ या शब्दाने फसू नका. आज आपण स्टुडिओ म्हणतो तेव्हा एकावर एक थर चढवलेले आवाज डोळ्यांपुढे येतात. त्या दिवशी तसं नव्हतं. गायक, वादक, जॉर्डनेअर्स हे कोरसवाले, सगळे एका खोलीत एकाच वेळी गात-वाजवत होते, एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्या अर्थाने रेकॉर्डही ‘लाइव्ह’च. फरक एवढाच, की टीव्हीवर संधी एक, इथे एकतीस.

आणि तबकडीवर ती ठाय लय नाही. कापूनच टाकली. काळ्या तबकडीला कंबर नसते, म्हणून जे कंबर करत होती ते काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागलं. ते आलं फोंटानावर. कडव्यांच्या मध्ये त्याची जी सलग ड्रमची फैर झडते, ती टीव्हीवरच्या झटक्यांच्या जागी बसवल्यासारखी आहे. शिवाय टाळ्यांचा ठेका आला, कोरसचे लांबवलेले स्वर आले, स्कॉटी मूरने खरखरीत, जरा उर्मटच म्हणावा असा गिटारचा तुकडा घातला. सव्वादोन मिनिटांत सगळं आटोपतं, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. बर्ल यांच्या कार्यक्रमात एल्विस हसतोय, मजा करतोय. तबकडीवर हसू कुठेच नाही.

काही जण याचं कारण सांगतात, की आदल्या रात्री कुत्र्यापुढे गायला लावल्याचा राग त्या आवाजात उतरला. कहाणी छान आहे, पण मला पटत नाही. राग दोन-तीन टेक टिकेल, एकतीस नाही. एकतीस टेकांनंतर जे उरतं त्याला मेहनत म्हणतात. रागावल्यासारखं वाटणं हेच त्या मेहनतीचं फळ आहे.

गीतकार लायबर यांना मात्र हे रूप रुचलं नव्हतं. बाईने पुरुषाला सुनावलेलं गाणं, त्यात बदललेल्या शब्दांतली ‘तू कधी ससा पकडला नाहीस’ ही ओळ कुठून आली, ही त्यांची तक्रार. त्यांचे जोडीदार स्टोलर त्या जुलैत आंद्रेआ दोरिया या बुडालेल्या जहाजावर होते. सुखरूप न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा लायबर यांनी बंदरावरच बातमी दिली, की आपलं गाणं एल्विस प्रेस्ली नावाच्या पोराने गायलंय आणि ते गाजतंय. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिल्या.

आता तबकडी उलटी करू या. ‘डोन्ट बी क्रुएल’ त्याच दिवशी, त्याच खोलीत मुद्रित झालं, पण जातकुळी पार वेगळी. ओटिस ब्लॅकवेल यांची रचना. एल्विसने ती त्यांच्या नमुन्याच्या ध्वनिमुद्रणावरून उचलली. इथे काही आदळआपट नाही. बास खेळकर चालतो, कोरस हलकेच टेकू देतो, आणि स्कॉटी मूर सुरुवातीला गिटार वाजवून जो थांबतो तो थेट शेवटच्या स्वरालाच पुन्हा हजर होतो. न वाजवणं हीसुद्धा साथ असते, हे त्याला कळलं होतं.

हे गाणं एल्विसने एड सलिव्हन यांच्या सीबीएसवरच्या कार्यक्रमात तिन्ही वेळा गायलं. हा माणूस माझ्या कार्यक्रमात नको म्हणणाऱ्या सलिव्हन यांनीच, ॲलन यांनी प्रेक्षक खेचलेले पाहिल्यावर, तीन कार्यक्रमांसाठी ५०,००० डॉलर मोजले होते. पहिला कार्यक्रम ९ सप्टेंबर १९५६, दुसरा २८ ऑक्टोबर, तिसरा ६ जानेवारी १९५७. पहिल्या वेळी सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिलं. सलिव्हन स्वतः मोटार अपघातानंतर घरी होते, निवेदन चार्ल्स लॉटन यांनी केलं. या पहिल्या दोन खेपांत एल्विस जवळपास तबकडीच्याच वाटेने जातो. नीटनेटकं गातो, पण तबकडी आधी ऐकलेली असेल तर नवं काही हाती लागत नाही.

मग मधल्या काळात काहीतरी घडलं, आणि ते काय हे आपल्याला खुद्द एल्विसच्या तोंडून कळतं. ४ डिसेंबर १९५६ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत तो कार्ल पर्किन्स, जेरी ली लुइस आणि जॉनी कॅश या गायकांसोबत गप्पा मारत, गात बसला होता आणि टेप चालू राहिली होती. त्यात तो कौतुकाने सांगतो, की लास वेगासला बिली वॉर्ड आणि डॉमिनोज या मंडळींमधला एक गायक ‘डोन्ट बी क्रुएल’ म्हणत होता आणि माझ्या रेकॉर्डपेक्षा किती तरी सरस म्हणत होता. मग तो त्याची नक्कल करून दाखवतो. लय कशी खाली आणायचा, टेलिफोन हा शब्द कसा चावून म्हणायचा, शेवट कसा ताणायचा. तो गायक म्हणजे जॅकी विल्सन. त्या वेळी एल्विसला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

विचार करा. ज्याची तबकडी देशभर वाजते आहे, तोच म्हणतो की माझ्यापेक्षा दुसऱ्याने बरं गायलं. आणि नुसतं म्हणून थांबत नाही. महिनाभराने, ६ जानेवारीला, सलिव्हन यांच्या मंचावर तो ‘डोन्ट बी क्रुएल’ विल्सनच्या चालीवर गातो. लय उतरलेली, टेलिफोन तसाच चावलेला, शेवट लांबवलेला. ज्यांनी तबकडी पाठ केली होती त्यांना कोट्यवधी प्रेक्षकांसमोर एक वेगळंच गाणं ऐकू आलं. गंमत म्हणजे हाच तो कार्यक्रम, ज्यात कॅमेऱ्याने त्याला कमरेच्या वरच दाखवलं. चित्रात फक्त खांदे आणि चेहरा, पण मागून किंकाळ्या उठतात. त्या किंकाळ्यांवरून चौकटीबाहेर काय चाललंय याचा अंदाज घ्यावा लागतो, अगदी आपल्यासारखा, रेडिओ ऐकणाऱ्यांसारखा.

या कार्यक्रमांच्या ज्या प्रती आज पाहायला मिळतात त्यांच्या आवाजावरून गायकाला जोखू नका. अमेरिकेत टीव्हीवर व्हिडिओटेप नुकती कुठे येऊ लागली होती. थेट प्रक्षेपण जपायचं तर पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावत, त्याला किनेस्कोप म्हणत. त्यात आवाज चपटा होतो, बास तर जवळजवळ नाहीसाच. तबकडी भरदार आणि टीव्ही पोकळ असं वाटतं, त्यातला बराच वाटा यंत्राचा आहे.

मला विचाराल तर ‘हाउंड डॉग’ची तबकडीच मी वरचढ मानतो. बर्ल यांच्या कार्यक्रमातलं गाणं एकदा पाहण्यासारखं आहे, पण ती ठाय लय दुसऱ्या खेपेला चुटक्यासारखी फिकी पडते, तबकडी मात्र अजून बोचते. ‘डोन्ट बी क्रुएल’च्या बाबतीत मात्र मी तिसऱ्या सलिव्हन कार्यक्रमाच्या बाजूने. ऐकायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी तबकडी, मग सन स्टुडिओतली टेप, आणि शेवटी ६ जानेवारी. टेलिफोन हा शब्द आला की कान टवकारा, तिथे तो चक्क जॅकी विल्सन झालेला असतो.

नमस्कार.