चंद्रावरची भट्टी

मित्रहो, सभा संपल्यावर इथे नागपुरात सीताबर्डीकडून जाणार असाल तर झिरो माइलपाशी क्षणभर थांबा. 1907 सालचा, मोजणीच्या कामातला तो खांब आहे. या गावाला रेघांची ओळख जुनी. 1955 साली राज्यांच्या सीमा नव्याने सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. पुढच्याच वर्षी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी संपली. लोक होते तिथेच राहिले, सरकार मात्र हललं.

सीमावादावर बोलायला मी आज विज्ञानकथांच्या मालिका का घेऊन आलोय, असं काहींना वाटेल. कारण बातम्या बघताना आपला पक्ष आधीच ठरलेला असतो. परग्रहावरची माणसं दिसली की तो ठरलेला नसतो, आणि तेवढ्या वेळात गोष्ट आत शिरते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने 2006 साली हेच केलं. शत्रूच्या ताब्यातल्या वस्तीतले आपले लाडके नायकच आत्मघाती हल्ले घडवू लागतात. तेव्हा इराकमध्ये अमेरिकेचं सैन्य होतं आणि ही मालिका अमेरिकेतच बघितली जात होती. आपण कुणाच्या बाजूने बघतोय, हे प्रेक्षकाला मध्येच कळायचं.

या रूपकाची एक खोट मात्र मला नेहमी टोचते. अंतराळात जागा अमाप. एक ग्रह, एक जात, एक भाषा. पृथ्वीवरचं दुखणं असं आहे की एकाच वावराला दोन घरं ‘आमचं’ म्हणतात आणि दोघांच्याही आज्या तिथंच पुरलेल्या असतात. 2015 पर्यंत भारत-बांगलादेश सीमेवर एका देशाच्या पोटात दुसऱ्याची गावं होती. भारताची 111 तिकडे, त्यांची 51 इकडे. असा गुंता एकाही मालिकेने मांडलेला मी पाहिलेला नाही.

तरीही एक भाग मला सोडत नाही. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’, 1993. बेजोर हा ग्रह पन्नासेक वर्षांच्या परकी ताब्यातून नुकताच सुटलाय. किरा नावाची बाई त्या लढ्यात बंदूक घेऊन लढलेली, आता स्वतःच्या सरकारात अधिकारी. बेजोरच्या एका चंद्राच्या पोटातली ऊर्जा सरकारला हवी आहे. त्यासाठी चंद्र रिकामा करायचा. सगळे जातात, मुलिबॉक नावाचा एक म्हातारा शेतकरी जात नाही. घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं, शेजारी विटांची भट्टी अर्धवट. किरा त्याला हलवायला येते आणि त्याच्यासोबत भट्टी बांधायला बसते. मग शेवटी तीच भट्टी ती आपल्या हत्याराने फोडते आणि घर पेटवते. इथे परका कुणीच नाही. काल ज्यांच्यासाठी ती लढली, त्यांच्यातल्याच एकाला ती आज उठवते आहे, तेही थंडीत गारठणाऱ्या आपल्याच लोकांना ऊब मिळावी म्हणून. सरकार चूक आहे असं मला म्हणता येत नाही, आणि म्हातारा चूक आहे असंही नाही. म्हणून तर हा भाग सुटत नाही.

माझ्या आत्याचं वैनगंगेकाठचं गाव धरणात गेलं. तिला हा भाग मी मुद्दाम दाखवला. भाषा कळत नव्हती, मी सांगत होतो. भट्टी फुटली तेव्हा तिने विचारलं, “थे बाई कायले फोडते?” मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, “नाहीतं थो हालला नसता.” मग बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली.

“आमच्या छपराचे कवेलू त आमीच उतरवले होते,” ती म्हणाली. “एकेक करून. फुटू नये म्हणून.”