राखेवर आडवा झालेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

पेटलेली काडी डोकं वर करून धरली, तर ती सावकाश जळते. तीच काडी उलटी, डोकं खाली करून धरा. ज्योत झरझर बोटांकडे येते. वरचं लाकूड ज्योत पोचायच्या आधीच तापलेलं असतं, म्हणून. डोंगरावरही हेच घडतं. जाणकारांचा ठोकताळा असा, की उताराचा कोन दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. वीस अंशांनी वाढला की चौपट.

वणवा चालतो तीन गोष्टींवर. चढ, वारा आणि जळण. पुन्हा सांगतो: चढ, वारा आणि जळण. चढ बदलता येत नाही, वारा कुणाचं ऐकत नाही. राहतं ते जळण. जमीन कशी राखली म्हणजे वणव्याचा धोका कमी होईल, या विषयावर जी पीएचडीची कामं चालतात, ती बहुतेक या तिसऱ्या शब्दाभोवती फिरतात. जळण किती, किती बारीक, किती ओलं. आणि ते कमी केलं तर आग खरंच मंदावते का.

आता एक हकिकत. तारीख ५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेतलं मोंटाना राज्य, मिसुरी नदीला येऊन मिळणारी एक घळ, नाव मॅन गल्च. आदल्या दिवशी वीज पडून तिथे आग लागली होती. ती विझवायला विमानातून पंधरा जण पॅराशूटनं उतरले. मुकादम होता वॅग्नर डॉज. रेडिओसंचाचं पॅराशूट उघडलं नाही आणि संच दगडांवर आपटून फुटला, म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंध संपला. तिथे आधीपासून एकट्यानं आगीशी झुंजत असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. झाले सोळा.

आग घळीच्या पलीकडच्या अंगाला, झाडीत. हे लोक अलीकडच्या अंगाला. डॉजचा बेत साधा होता: उतरत उतरत नदीकाठ गाठायचा, पाणी पाठीशी ठेवायचं आणि तिथून आगीला भिडायचं. बेतात काही चूक नव्हती. पण पावणेसहाच्या सुमाराला त्याला दिसलं, की आग घळीच्या तोंडाशी अलीकडे उतरली आहे. नदीची वाट बंद. त्यानं तुकडी मागे वळवली, चढाच्या दिशेनं.

आता इथे नीट लक्ष द्या. पलीकडे दाट झाडी होती. अलीकडे झाडं तुरळक, आणि मधे सगळं वाळलेलं गवत. कुणालाही वाटेल, झाडी धोक्याची, गवत बरं. आगीच्या वेगाचं गणित नेमकं उलटं आहे. बोटाएवढी काडी वाळायला आणि पेटायला वेळ घेते. गवताची पात तासाभराच्या उन्हात कोरडी होते आणि क्षणात पेट घेते. जाड जळण आग टिकवतं, बारीक जळण आग पळवतं. हे वाक्य लक्षात ठेवा: जाड टिकवतं, बारीक पळवतं. झाडीतून गवतात आलेली आग त्या चढावर पळायला लागली.

सात-आठ मिनिटांनी डॉजनं हुकूम दिला: अवजारं टाका. करवती, फावडी, कुदळी, सगळं. (अवजार टाकणं हे या धंद्यातल्या माणसाला फार जड जातं. संकटात काय उचलावं याच्या याद्या सगळेच देतात. काय टाकावं याची यादी कुणी देत नाही.) आणि मग डॉजनं असं काही केलं, की मागून येणाऱ्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. तो थांबला. काडी ओढली. आणि समोरचं गवत पेटवून दिलं.

मागे आग, आणि हा पुढे आग लावतोय! त्याची आग चढावर वर निघून गेली आणि मागे काळी राख उरली. डॉज त्या राखेत शिरला आणि बाकीच्यांना हातानं बोलवत राहिला, ओरडत राहिला. आत या, इथे या. कुणीही आलं नाही. सगळे माथ्याकडे पळाले. डॉज ओला रुमाल तोंडावर धरून राखेत पालथा पडला. मोठी आग आली, त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली. त्याच्या खाली जळायला काही उरलंच नव्हतं.

पळालेल्यांपैकी दोघांना माथ्याजवळच्या खडकांत एक फट सापडली आणि ते पलीकडे निसटले. तेरा जण गेले. त्यांतल्या एकाच्या घड्याळाचे काटे सहाला चार मिनिटं कमी असताना थांबले होते. पुढे सगळ्या वेळेचा हिशोब लावायला ते घड्याळ उपयोगी पडलं. डॉजच्याच आगीनं पोरांना गाठलं, असा आरोपही झाला. चौकशीत तो टिकला नाही. आणि हे कुणी घरी करून बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

या हकिकतीची दुसरी बाजू आकड्यांची आहे. रिचर्ड रॉदरमेल या अभियंत्यानं १९७२ साली आग किती वेगानं पसरेल याचं समीकरण मांडलं. आजही वणव्याच्या कितीतरी संगणकी अंदाजांच्या पोटात तेच आहे. १९९३ साली त्यानं मॅन गल्चची ती शर्यत, माणसं विरुद्ध आग, मिनिटामिनिटानं मांडून दाखवली. त्याच्या समीकरणाला काय काय लागतं? जळणाचं वजन, बारीकपणा, थराची जाडी, ओलावा. शिवाय वारा आणि चढ. डॉजनं काही क्षणांत त्यातलं वजन शून्यावर आणलं. पीएचडीचा विद्यार्थी तीन-चार वर्षं तेच वजन मोजत असतो आणि हळूहळू कमी करून पाहतो.

मोजतात कसं, ते थोडक्यात. रानात पंधरा मीटरची फीत ताणायची. दिशा चिठ्ठी काढून ठरवायची, कारण वाऱ्यानं पडलेल्या काटक्या एकाच दिशेला पडतात. फीत त्यांना समांतर गेली तर मोजणी खोटी. फितीला छेदणारी प्रत्येक काटकी मोजायची: सहा मिलिमीटरपर्यंतची वेगळी, तिथून अडीच सेंटिमीटरपर्यंतची वेगळी, साडेसात सेंटिमीटरपर्यंतची वेगळी आणि त्याहून जाड ओंडके वेगळे. फितीवर पाय द्यायचा नाही. काटक्या मोडल्या की आकडा वाढतो. गवत अर्ध्या मीटरच्या चौकटीत कापून घ्यायचं. ओलाव्याचा नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात, तिथल्या तिथे. पिशवीत नेला की वाटेतच वाळतो. मग ओलं वजन, १०५ अंशांच्या भट्टीत दिवसभर, मग कोरडं वजन. १३० ग्रॅमचे १०० झाले तर ओलावा ३० टक्के. भागायचं कोरड्या वजनानं, ओल्यानं नाही. नवख्यांचं गणित इथेच चुकतं.

आणि हे मोजून काय कळतं? धरा, चौरस मीटरला अर्धा किलो जळण जळतंय आणि आग सेकंदाला वीस सेंटिमीटर सरकतेय. किलोमागे उष्णता साधारण १८,००० किलोज्यूल. तिन्हींचा गुणाकार १,८००. म्हणजे आगीच्या आघाडीच्या दर मीटरमागे १,८०० किलोवॉट, आणि ज्वाळा सुमारे अडीच मीटर. तिथे फावडं घेऊन उभं राहता येत नाही. जळण दोनशे ग्रॅमवर आणलं आणि वेग निम्मा झाला, तर आकडा ३६० आणि ज्वाळा सव्वा मीटरच्या आत. हाताच्या अवजारांनी आग अडवता येते ती साधारण इथपर्यंतच. वणवा अजिबात लागू नये हा हट्ट मला पटत नाही. लागला तर माणसाला जवळ जाता यावं, एवढं साधलं तरी पुष्कळ. (पाणी ओतणाऱ्या विमानांची चित्रं फार छान येतात. पालापाचोळा गोळा करणाऱ्याचं चित्र कुणी काढत नाही.)

बिघडतं कुठे? पहिलं, विरळणी. दाट रान विरळ केलं आणि छाटलेल्या फांद्या तिथेच टाकल्या, तर उंचावरचं जळण आपण जमिनीवर आणून ठेवलं. पहिली काही वर्षं धोका वाढतो. त्या फांद्यांचे ढीग करून, खोडांपासून लांब, ओल्या हंगामात जाळायला हवेत. दुसरं, चराई. गुरं हिरवं खातात, वाळलेल्या गवताला फारसं तोंड लावत नाहीत. म्हणून गवत वाळायच्या आधी चारायचं. उशीर झाला की जळण उभंच राहतं. तिसरं, ठरवून लावलेली आग. ती वाऱ्याविरुद्ध किंवा उतारावरून खाली चालवायची, म्हणजे ज्वाळा लहान राहतात. संपल्यावर कडेच्या राखेवर हाताची मागची बाजू धरून ऊब तपासत जायचं. बुंध्यात धुगधुगी राहिली तर ती दोन दिवसांनी वाऱ्यावर उठते.

संशोधकाची अडचण आणखी निराळी. अभ्यासासाठी आखलेल्या त्याच्या जमिनीच्या तुकड्यावर वणवा वेळापत्रकानं येत नाही. मग तो जुन्या वणव्यांच्या जागी जातो: इथे विरळणी झाली होती, तिथे नव्हती, इथे झाडं वाचली, तिथे नाही. पण वणवा तिथे पोचला तेव्हा वाराच पडला असेल तर? तास-तासाची वाऱ्याची नोंद नसेल, तर त्या तुलनेला काही अर्थ नाही. तसंच एकाच घळीतले चाळीस तुकडे म्हणजे चाळीस पुरावे नव्हेत. ती एकच घळ.

शिवाय जळण परत येतं. गवत पुढच्या हंगामातच, पानांचा थर काही वर्षांत. म्हणून दर वर्षी त्याच जागी, त्याच फितीखाली परत मोजावं लागतं. जागेच्या खुणेचे खुंट मात्र लोखंडी हवेत आणि त्यांवरचे बिल्लेही पत्र्याचे. लाकडी खुंट ठोकून आग लावली, तर पुढच्या वर्षी तुकडा सापडत नाही.

नमस्कार.